छायाचित्रांच्या मंडळाचा दरवाजा कोण राखतो? कलकत्ता १८५७ ते आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

वाचकहो, आजच्या धाग्याचा विषय प्रथमदर्शनी इतिहासाचा वाटणार नाही. जुन्या छायाचित्रांचे जे ग्रुप आपण सारे चालवतो किंवा पाहतो, त्यांत काय राहू द्यावे, काय काढावे आणि कोणाला बाहेरचा रस्ता दाखवावा, हा तो प्रश्न. मात्र हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. छायाचित्रणाची कला हिंदुस्थानात नुकती रुजत होती, तेव्हाच तो उभा राहिला होता आणि पहिल्याच मोठ्या प्रसंगी त्याचे उत्तर अत्यंत वाईट दिले गेले.

जानेवारी १८५६ मध्ये कलकत्त्यात ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बेंगॉल’ स्थापन झाली. सभासदांनी आपापली छायाचित्रे आणावीत, ती सर्वांनी पाहावीत, काचेवरील रसायनांपासून उन्हाच्या तीव्रतेपर्यंत चर्चा करावी, असा तिचा क्रम. सभासद बहुतांशी युरोपीय होते. परंतु पदाधिकाऱ्यांत राजेंद्रलाल मित्र हे बंगाली विद्वान होते आणि मंडळाच्या तिजोरीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. एप्रिल १८५७ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये एक सभा भरली. मुलखात राहणाऱ्या युरोपीयांनाही स्थानिक फौजदारी न्यायालयांच्या कक्षेत आणावे, असा प्रस्ताव त्या वेळी सरकारपुढे होता. निळीच्या मळेवाल्यांचा त्यास कडवा विरोध होता. मित्रांनी त्या व्यासपीठावरून प्रस्तावाचा पुरस्कार केला आणि मळेवाल्यांविषयी फार जळजळीत शब्द वापरले. इंग्लंडातील उत्तम माणसे इकडे येत नाहीत, तिथल्या समाजाने टाकून दिलेली येतात, असा त्यांचा एकूण आशय होता.

भाषण टाउन हॉलमध्ये झाले, पण त्याची शिक्षा छायाचित्रकारांच्या मंडळात झाली. युरोपीय सभासदांनी मित्रांना काढून टाकण्याची मागणी लावून धरली. दरम्यान मे महिन्यात मेरठला उठाव झाला आणि कलकत्त्यातील गोऱ्या समाजाचे मन अधिकच कठोर झाले. त्याच वर्षात मित्रांना मंडळाबाहेर काढण्यात आले.

या प्रसंगाकडे मंडळ चालवणाऱ्याच्या नजरेने पाहिले की दोन गोष्टी लख्ख दिसतात. मित्रांवर मंडळातील वर्तनाचा ठपका नव्हता. बाहेरच्या राजकीय मताचा होता. आणि निर्णय बहुमताने झाला. आजही अनेक ग्रुपांत ‘सर्वांचे मत घेऊ’ हा सर्वांत न्याय्य मार्ग समजला जातो. ज्या मंडळात एका बाजूचे संख्याबळ आधीच ठरलेले आहे, तिथे मतदान हा न्याय नसतो, हे मित्रांच्या हकालपट्टीत कोणालाही दिसावे. त्या मंडळाने काय गमावले, याचे माप पुढच्या काळाने दिले : १८८५ मध्ये हेच राजेंद्रलाल मित्र एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

आता मुंबईकडे वळू. ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ऑक्टोबर १८५४ मध्ये, म्हणजे कलकत्त्याच्याही आधी, स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या सभासदांत होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः कसलेले छायाचित्रकार होते आणि मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांना स्थान मिळाले. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढे नावारूपास आलेले हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गाचे विद्यार्थी. मुंबईत या कलेला कलकत्त्याहून मोकळी हवा लाभली, असे मला वाटते. पण मुंबईने आपल्यासाठी ठेवलेला धडा वेगळा आहे.

या मंडळाच्या आश्रयाखाली १८५६ ते १८५८ या काळात ‘द इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचे मासिक निघत असे. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन हे त्याचे कर्ते. प्रत्येक अंकात तीन अस्सल छायाचित्रे चिकटवलेली आणि सोबत वर्णनाचा मजकूर. आजच्या भाषेत सांगायचे तर ही वर्गणीदारांना महिन्याला तीन पोस्टी पाठवणारी मालिका होती. पुढे याच कामातून जॉन्सनने ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ सिद्ध केला. पहिला खंड १८६३ चा, गुजरात, कच्छ आणि काठियावाडविषयी. दुसरा १८६६ चा, महाराष्ट्राविषयी.

या ग्रंथातील छायाचित्रे निरखून पाहा. माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि त्यांच्या मागचा देखावा दुसऱ्या ठिकाणचा आहे. दोन वेगळ्या निगेटिव्ह जुळवून एक चित्र तयार केले आहे. माणूस खरा, पोशाख खरा, इमारतही खरी. मात्र तो माणूस त्या इमारतीसमोर कधी उभा राहिलेलाच नाही. जॉन्सनचा हेतू फसवणुकीचा असेल असे मानण्याचे कारण नाही. त्या काळच्या मंद रसायनांना बाहेरचा देखावा आणि माणसांचा समूह एकाच वेळी नीट पकडणे कठीण जाई, शिवाय वाचकाला ‘त्या त्या जातीचा माणूस त्याच्या परिसरात’ पाहायचा होता. पण आज कोणी त्यातले एखादे पान ‘अमुक घाटावरील अमुक ज्ञातीचे लोक, १८६०’ असे लिहून ग्रुपवर टाकतो आणि खाली शंभर जण घाटाच्या पायऱ्यांवरून इतिहास रचू लागतात, तेव्हा ग्रुप चालवणाऱ्याला हे ठाऊक असणे आवश्यक आहे. ‘फोटो खोटा आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. या फोटोतील कोणता भाग कशाचा पुरावा आहे, हे विचारावे लागते. फोटोशॉपच्या आधी सारे सत्यच होते ही समजूत एकोणिसाव्या शतकाला लागू पडत नाही.

झाशीच्या राणीचे ‘एकमेव अस्सल छायाचित्र’ तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या ग्रुपवर वर्षातून किमान दोनदा येते : नोव्हेंबरात जयंतीला आणि जूनमध्ये पुण्यतिथीला. सोबत साल असते, छायाचित्रकाराचे नाव असते. नसते ते एवढेच, की मूळ प्रत कोठे आहे, ती तिथे कशी पोहोचली आणि चित्रातील स्त्री लक्ष्मीबाईच हे कोणी, कधी, कशावरून ठरवले. या गोष्टींचा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. अशा वेळी अ‍ॅडमिनपुढे दोन सोपे मार्ग असतात : भावनेला हात नको म्हणून गप्प बसणे, किंवा ‘खोटे आहे’ म्हणून पोस्ट उडवून टाकणे. दोन्ही मला चुकीचे वाटतात. उडवलेली पोस्ट पुढच्या जूनमध्ये पुन्हा येते, कारण ती का उडवली हे कोणाला कळलेलेच नसते.

मंडळांचा पत्रव्यवहारही या इतिहासाचा एक भाग आहे, तो थोडक्यात सांगतो. १८६१ मध्ये अमेरिकेत हौशी छायाचित्रकारांचा एक ‘एक्स्चेंज क्लब’ निघाला. सभासदांनी ठरावीक मुदतीत आपली छायाचित्रे एकमेकांना टपालाने पाठवायची, असा त्याचा नियम. ब्रिटनमध्ये पुढे टपालाने फिरणाऱ्या पेट्यांची प्रथा रुजली : पेटीत प्रत्येकाचे एक छायाचित्र आणि सोबत अभिप्रायाचे कागद, ती या गावाहून त्या गावी फिरे. अशा मंडळाचा खरा शत्रू शिवराळ सभासद नव्हे, आळशी सभासद. एकाने पेटी अडवली की सारे चक्र थांबे. पण टपालाचा एक अदृश्य फायदाही होता. अभिप्राय लिहायला वेळ लागे, आणि तो ज्याच्याविषयी लिहिला त्याच्या हाती स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या नावासह पडे.

तो संथपणा २००४ मध्ये संपला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कॅनडातील व्हँकूव्हर शहरातील एका छोट्या कंपनीने फ्लिकर हे छायाचित्रांचे संकेतस्थळ सुरू केले. संस्थापक कॅटरिना फेक आणि स्ट्युअर्ट बटरफील्ड. मुळात त्यांना एक ऑनलाइन खेळ तयार करायचा होता. तो मागे पडला आणि त्यातून हे उभे राहिले. सुरुवातीच्या दिवसांत नव्या माणसाने पाऊल टाकले की संस्थापक आणि कर्मचारी जातीने त्याचे स्वागत करीत, त्याच्या छायाचित्रावर काही लिहीत. हा नुसता सौजन्याचा भाग नव्हता. आल्या आल्या ज्याच्याशी सभ्य भाषेत बोलले गेले, तो पुढच्याशी तसाच बोलतो. घरात पाहुण्याला पाणी देणाऱ्यालाच ‘चपला बाहेर काढा’ म्हणण्याचा अधिकार असतो. नंतर गर्दी वाढली आणि सारा भार लिखित नियमांवर आला.

त्यातून घडलेली एक चूक मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २००७ च्या मे महिन्यात आइसलंडमधील एका तरुण छायाचित्रकर्तीच्या ध्यानात आले, की लंडनमधील एक दुकान तिची छायाचित्रे परवानगीविना विकत आहे. तिने फ्लिकरवर ती हकिगत लिहिली. बघता बघता शेकडो लोकांच्या प्रतिक्रिया आल्या. काही संतापलेल्या, धमकीवजाही. फ्लिकरच्या कर्मचाऱ्यांनी ती पोस्टच काढून टाकली. पोस्टबरोबर सगळ्या प्रतिक्रियाही गेल्या, म्हणजे तिला मिळालेला आधार, सल्ला आणि पुरावा, सारेच. ज्याची चोरी झाली त्याचेच तोंड बंद केले असे दृश्य निर्माण झाले आणि मोठा गहजब उडाला. शेवटी बटरफील्ड यांनी जाहीरपणे चूक मान्य करून क्षमा मागितली. दहा प्रतिक्रिया वाईट असतील तर त्या दहा काढाव्यात. त्यासाठी सबंध चर्चा पुसणे हे नियंत्रण नव्हे, हे तिथे पुरेशी किंमत मोजून शिकले गेले.

पुढल्याच वर्षी त्याच संकेतस्थळावर जे घडले, ते इतिहासप्रेमींसाठी या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण होय. १६ जानेवारी २००८ रोजी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहातील सुमारे ३,००० छायाचित्रे फ्लिकरवर खुली केली. त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ‘बेन न्यूज सर्व्हिस’ या वृत्तछायाचित्र संस्थेचा संग्रह होता. या छायाचित्रांची माहिती म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर घाईने खरडलेले एखादे आडनाव किंवा एखादा अर्धवट शब्द, आणि तोही पुष्कळदा चुकीचा. ग्रंथालयाने लोकांना सांगितले : तुम्हाला काही ठाऊक असेल तर लिहा.

ग्रंथपालांची भीती स्वाभाविक होती. राष्ट्रीय संग्रहाच्या चित्राखाली कोणीही काहीही लिहिणार. त्यात टवाळी येईल, शिव्या येतील, खोटी माहिती येईल. प्रत्यक्षात काय आले? २००८ च्या ऑक्टोबरपर्यंत छायाचित्रांची संख्या ४,६१५ झाली होती. ती १ कोटी ४ लाख वेळा पाहिली गेली. लोकांनी ७,१६६ प्रतिक्रिया लिहिल्या आणि ६७,१७६ खूणशब्द जोडले. अनुचित म्हणून काढून टाकावा लागलेला मजकूर किती? पंचवीसहूनही कमी वेळा असा प्रसंग आला.

हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा मला तो अविश्वसनीय वाटला होता. मग त्यामागची व्यवस्था पाहिली. तिथे ‘चांगले वागा’ असा फलक लावून कोणी निघून गेले नव्हते. कर्मचारी रोज प्रतिक्रिया वाचत होते. नवी छायाचित्रे एकदम न ओतता थोडी थोडी दिली जात होती, त्यामुळे वाचणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना दमछाक न होता हाताळता येतील एवढीच ती असत. आणि सर्वांत मोलाची गोष्ट : कोणी एखाद्या चेहऱ्याची ओळख पटवली, त्याला जुन्या वृत्तपत्राचा आधार दिला, की कर्मचारी ती पडताळत आणि मूळ सूचीत नोंदवत, माहिती फ्लिकरवरील या प्रकल्पातून आली, असा उल्लेखही नोंदीत ठेवत. त्या पहिल्या दहा महिन्यांतच ५०० हून अधिक नोंदी अशा समृद्ध झाल्या.

आपल्या शब्दाची कोणीतरी दखल घेतो आणि आधार दिला तर तो कायमचा नोंदला जातो, हे कळल्यावर माणसे आधार शोधू लागतात. आपल्याकडील ग्रुपांत शिस्तीचा विचार बहुधा ‘काय काढायचे’ इथून सुरू होतो आणि तिथेच संपतो. गडकिल्ल्यांच्या, जुन्या मुंबईच्या, संस्थानकालीन छायाचित्रांच्या ग्रुपांत अतिशय जाणकार मंडळी असतात. एखादा निवृत्त रेल्वे कर्मचारी इंजिनाच्या आकारावरून दशक सांगतो, एखाद्या आजी लुगड्याच्या नेसणीवरून घराणे ओळखतात. त्यांची ती ओळ तीन दिवसांत ‘सुंदर’, ‘जबरदस्त’, ‘जय हो’ यांच्या ढिगाखाली गाडली जाते. अ‍ॅडमिनने ती उचलून मूळ पोस्टच्या वर, त्यांच्या नावासह लिहिली, तर ग्रुपचा पोत बदलतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात सत्ता गाजवल्याचा आनंद नाही. म्हणून ते फारसे कोणी करत नाही.

नियम यंत्रवत लावले की काय होते, याचे उदाहरण २०१६ मध्ये नॉर्वेत घडले. लेखक टॉम एगेलांड यांनी युद्धाचा इतिहास बदलणाऱ्या छायाचित्रांविषयी लिहिताना ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधील त्रांग बांग येथे टिपलेले ते प्रसिद्ध छायाचित्र फेसबुकवर दिले : नापाम बाँबने होरपळलेली, विवस्त्र धावणारी नऊ वर्षांची किम फुक. फेसबुकने नग्नतेच्या नियमाखाली ते काढले. ‘आफ्तेनपोस्तेन’ या दैनिकाने ते दिले, तेही काढले. पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी दिले, त्यांचेही काढले. दैनिकाच्या संपादकांनी पहिल्या पानावर मार्क झुकरबर्ग यांना अनावृत पत्र लिहिले आणि सप्टेंबरात कंपनीने माघार घेतली. बालकांच्या विवस्त्र चित्रांना मज्जाव करणारा नियम चूक नव्हता. तो असलाच पाहिजे. पण तो लावणाऱ्याला समोरचे चित्र काय आहे हे ठाऊक नव्हते. गंमत अशी, की याच छायाचित्राच्या श्रेयाविषयी पुढे वाद उत्पन्न झाला आणि मे २०२५ मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने निक उत यांचे श्रेय स्थगित केले, ‘असोसिएटेड प्रेस’ने मात्र ते कायम ठेवले. जगातील सर्वाधिक परिचित छायाचित्रांपैकी एकाच्या खालील नावाची ही कथा, तर आपल्या ग्रुपवरील ‘संग्रह : अज्ञात’विषयी काय बोलावे!

एवढे सारे वाचून कोणाला वाटेल, की हा हौशी मंडळींच्या शिस्तीचा प्रश्न. चित्र राहिले काय, गेले काय. जून २०१४ चे पुणे आठवावे. छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी, फेरफार केलेली चित्रे फेसबुकवर पसरली. ती कोणी घडवली हे कळण्याच्या आधीच ती हजारोंनी पाहिली, संतापाने पुढे पाठवली. शहरात दगडफेक आणि जाळपोळ झाली. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये जमावाने एका तरुणाचा जीव घेतला. तो संगणक क्षेत्रात नोकरी करणारा होता, नमाजानंतर घरी परतत होता आणि त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. ‘बघा, आपल्या महाराजांचा किती अपमान केला आहे’ असे म्हणून जो चित्र पुढे पाठवतो तो अपमानाचाच प्रसार करीत असतो. इतिहासाच्या ग्रुपाच्या अ‍ॅडमिनने कोणत्याही चर्चेची वाट न पाहता तत्काळ काढावे असे काही असेल, तर ते हेच. इथे आधी काढावे आणि कारण नंतर सांगावे.

मग कायदा अ‍ॅडमिनला किती जबाबदार धरतो? याचे उत्तर आपल्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये दिले. गोंदिया जिल्ह्यातील एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपाच्या अ‍ॅडमिनवर गुन्हा दाखल झाला होता. ग्रुपातील एका सभासदाने एका स्त्रीविषयी आक्षेपार्ह मजकूर लिहिला आणि अ‍ॅडमिनने त्याला रोखले नाही, हा आरोप. न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. सभासद घेणे आणि काढणे एवढाच त्याचा मुख्य अधिकार. मजकूर प्रसिद्ध होण्याआधी तो तपासण्याची सोय त्याच्या हाती नाही, असे न्यायालयाचे म्हणणे.

त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, २०२२ मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी हटवण्याचा अधिकार दिला. त्यात एक बारीक तरतूद आहे, जी पुष्कळ अ‍ॅडमिनांना आवडत नाही : संदेश हटवला की त्या रिकाम्या जागी, तो कोणत्या अ‍ॅडमिनने हटवला, हे त्याच्या नावासह ग्रुपमधील प्रत्येकाला दिसते.